पहिल्या पाच गोळ्या

महादेवरावांनी काडतुसांचं खोकं टेबलावर उपडं केलं आणि दोन-दोन करून मोजायला घेतलं. पन्नास. पुन्हा मोजलं. पन्नासच. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाने पुसला आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. नत्थू निशाणांच्या लाकडी चौकटी खांद्यावर घेऊन मुरमाच्या बांधाकडे चालला होता, नेहमीसारखा मान खाली घालून, जसं काही झालंच नाही.

आठ रविवार हे चाललं होतं. दर रविवारी खोक्यात पाच काडतुसं कमी. चार नाही, सहा नाही, बरोबर पाच. नेमबाजी क्लबच्या कपाटाची किल्ली शनिवारी रात्री नत्थूकडे राहायची, कारण पहाटे येऊन झाडलोट करायचं आणि रायफल बाहेर मांडायचं काम त्याचंच. काल महादेवरावांनी सेलूहून नवं कुलूप आणलं, किल्ली स्वतःच्या उशाखाली घेऊन झोपले, आणि आज पन्नासच्या पन्नास जागेवर. आता आणखी कुठला पुरावा हवा होता?

तीस वर्षं त्यांनी पोलीस खात्यात शस्त्रं दुरुस्त केली होती, आता क्लबात ते मुलांना निशाण लावायला शिकवत. संशय त्यांच्या हाडीमांसी मुरलेला. घरी चहात साखर कमी पडली तरी आधी डबा कोणी उघडला होता ते विचारणारा माणूस. पण या वेळी गोष्ट साखरेची नव्हती. नत्थूचं घर हिंगणीच्या पुढे, जंगलाला अगदी लागून. तिथल्या माणसाला पॉइंट बावीस बोअरच्या रायफलीची काडतुसं शिकारीशिवाय कशाला लागतात हे सांगायला कोणी विद्वान नको, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. काल संध्याकाळी त्यांनी ओळखीच्या वनरक्षकाला, अनुपला, फोन लावला होता.

"उद्या दुपारवरी नत्थू इथंच राहीन. तवा त्याचं घर पाहून घेजो. चाळीस काडतुसं सापडतीन. बंदूकही असन एखादी."

"पक्कं हाय ना साहेब? उगाच कोणाच्या घरात घुसाचं म्हणजे..."

"मी कधी कच्चं बोललो का?"

अनुपने बरं म्हणून फोन ठेवला होता.

बाहेर गाडी थांबली. प्रफुल आला. क्लबचा नवा सचिव, तिशीतला, देवळीला शेतीच्या औजारांचं दुकान. त्याच्या हातात लांबट पेटी होती आणि पेटीत ती हवेची रायफल, जिच्यावरून महिनाभर बैठकांत डोकेफोड चालली होती. पंपाने तिच्या टाकीत दाब भरून ठेवायचा आणि चाप ओढायचा. बारूद नाही, काडतूस नाही. त्या ताकदीच्या रायफलीला परवानाही लागत नव्हता. प्रफुलचं म्हणणं, बावीसची रायफल आता जमा करून टाकावी. काडतुसांची जोखीम क्लबने कशाला अंगावर घ्यायची? महादेवरावांचं म्हणणं, निशाण लावायचं तर बावीसनेच. शेवटी ठरलं की दोन्ही एकाच टेबलावरून मारून पाहायच्या. जिच्या गोळ्या जवळ-जवळ पडतील ती क्लबची.

"काकाजी, पन्नास मीटर. पाच-पाच गोळ्या," प्रफुल पेटी उघडत म्हणाला. "बावीसची कोण मारते?"

"दोन्ही मीच मारतो. मंग कोणाले म्हणता येनार नाई का हात वेगळे होते. आन् सरावाची गोळी नाई. पहिलीपासूनच मोजाची."

"दोन-चार मारून घ्या ना आधी. माह्यी काही हरकत नाई."

महादेवरावांनी त्याच्याकडे तिरप्या नजरेने पाहिलं. ज्याला बावीस घालवायची आहे तो तिला सवलत का देतोय? यात काहीतरी पाणी मुरत होतं.

"काऊन? मले निशाण लावता येत नाई का?"

प्रफुलने खांदे उडवले आणि वाळूच्या पिशव्या टेबलावर मांडल्या.

महादेवराव मात्र लगेच बसले नाहीत. त्यांनी चहा मागवला, तो फुंकून फुंकून प्यायला, मग बांधाजवळच्या बोरीला बांधलेल्या सुताच्या दोऱ्याकडे बघत राहिले. हवेच्या रायफलीची गोळी हलकी. वाऱ्याची झुळूक आली की ती बाजूला सरकते. दोरा लोंबत होता. दुसरा चहा संपेपर्यंत तो हलायला लागला, तेव्हा कुठे त्यांना टेबलाजवळची खुर्ची दिसली. प्रफुल सगळं बघत होता, पण पोरगं समजूतदार होतं.

आधी हवेची. आवाज असा की शेजारच्या माणसाने टाळी वाजवावी. पाच गोळ्या झाल्या आणि नत्थू कागद घेऊन आला. वाऱ्याने दोन भोकं उजवीकडे सरकली होती, तरी पाचही दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकली गेली असती. प्रफुलने पट्टी लावून मोजलं. चोवीस मिलिमीटर.

"वाईट नाई," महादेवराव म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मोठंच कौतुक.

मग त्यांनी बावीसची उचलली. काल संध्याकाळी तासभर बसून त्यांनी तिची नळी पुसली होती, शेवटचं फडकं पांढरंशुभ्र बाहेर येईपर्यंत. खात्यात त्यांच्या हातची नळी आरशासारखी असायची, साहेब लोक डोळा लावून बघायचे. वारा तोच होता, हात तेच. त्यांनी श्वास सोडला, अर्धा धरला आणि चाप ओढला. पाच वेळा.

नत्थूने कागद आणून टेबलावर ठेवला. एक भोक वर, एक डावीकडे पार बाहेरच्या कड्यात, बाकीची तीन इकडे-तिकडे. एकसष्ट मिलिमीटर.

महादेवरावांचे कान तापले. त्यांनी रायफलीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू बोटांनी चाचपले, घट्ट होते. नळीचं तोंड पाहिलं, साफ होतं. कुलूप नवं, किल्ली उशाखाली. तरी त्यांची नजर फिरून फिरून नत्थूवरच जात होती. मागचं दार? खिडकीचे गज? चोरी पकडली जाणार म्हणून याने रायफलीलाच हात लावला की काय?

"साहेब," नत्थू म्हणाला, "अजून पाच मारून पाहा."

"तुले काय कळते त्यातलं?"

"काई नाई कळत. मारा त खरं."

प्रफुलनेही मान हलवली. महादेवरावांनी रागारागातच पाच काडतुसं घेतली, पण रायफल खांद्याला टेकल्यावर राग आपोआप उतरला. ती सवय जुनी होती. पाच गोळ्या. नत्थू बांधाकडे गेला, चालत आला. या वेळी कागदावर भोकं मोजायची सोय नव्हती. एकच भोक होतं, कडा फाटलेलं, करंगळी जाईल न जाईल एवढं.

"बाप रे," प्रफुल म्हणाला आणि पट्टी काढायचं विसरला.

महादेवरावांनी कागद उन्हाकडे धरला. मग हळूच खाली ठेवला.

"तुले कसं मालूम होतं?"

नत्थूने कानामागे खाजवलं. "तुमी नळी लय साफ करता साहेब. एकदम कोरडी होते. बावीसच्या गोळीले मेण राह्यते ना, थे आत लागेपर्यंत पयल्या पाच गोळ्या भटकतेतच. मंग येते लाइनीवर. म्हून मी इतवारी पहाटे पाच मारून ठेवतो, बांधात. पोरं आली का त्याईले रायफल सरळ भेटली पायजे. आज चाबीच नोती माह्याजवळ."

"मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं होतं. दिवाळीच्या आधी."

त्याने तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं, पण महादेवरावांना तो दिवस आठवला. समोर दहा-बारा मुलं बसली होती. नत्थू दारात उभा राहून काहीतरी म्हणाला होता, नळी एवढी पुसू नये असं काहीतरी, आणि ते हसून म्हणाले होते, आता तू मले शिकवशील का? मुलंही हसली होती. त्यानंतर नत्थूने सगळ्यांना चहा दिला होता.

"आन् पुंगळ्या?"

"डब्यात हायेत ना सगळ्या. मी कायले नेऊ?"

खात्यात असताना ते भरलेल्या काडतुसांबरोबर रिकाम्या पुंगळ्याही मोजून घेत, एक कमी पडली तर शिपायांना गवतात रांगायला लावत. इथे आठ रविवार त्यांनी त्या डब्याचं झाकणही उघडून पाहिलं नव्हतं. ज्याला चोर ठरवलं त्याच्याच हातचा डबा, त्यात काय पाहायचं? त्यांना स्वतःची लाज वाटली.

ते बाहेर जाऊन अनुपला फोन लावू लागले. रिंग वाजत होती, पण तो उचलत नव्हता. कामावर असताना तो फोन घेत नाही, हे त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी पाच-सहा वेळा लावून पाहिला. मागे नत्थूचा फोन वाजला, घरून, बायकोचा.

"हं, बोल रामबाई," नत्थू म्हणाला. मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. "रडू नको. पेटी उघडून दाखव त्याईले. दाखव म्हन्तो ना. मी येतो."

फोन खिशात ठेवून तो महादेवरावांजवळ आला. तोंड उतरलं होतं.

"जंगल खात्याची माणसं आली घरी. सारं सामान अंगणात काढून राह्यले. काडतुसं कुठं हायेत म्हन्तेत. सारं गाव जमा झालं." त्याने ओठांवरून हात फिरवला. "कोनं सांगतलं असन, साहेब? माह्यं कोणाशी वाकडं नाई. तुमी चला ना संगं. क्लबात काय होते थे तुमी सांगसान, त ऐकतीन."

प्रफुल टेबलाशी उभा होता. त्याच्यादेखत बोलावं लागणार होतं. महादेवरावांनी फोन खिशात ठेवला.

"नत्थू, मीच सांगतलं त्याईले."

नत्थूने त्यांच्याकडे पाहिलं.  महादेवरावांनीच आधी नजर खाली घेतली. प्रफुल उगाचच वाळूच्या पिशव्या सारख्या करत बसला.

मग नत्थू गेला, सावलीतून मोटरसायकल ओढून बाहेर काढली, बसला आणि किक मारली. दोनदा मारावी लागली. महादेवराव जागेवरच उभे होते.

"बसा," तो मागे न पाहता म्हणाला. "आता त तुमालेच यावं लागन. दुसऱ्या कोणाचं ते ऐकनार नाईत."