सूतबाबाच्या तेवीस दोऱ्या

पलूसजवळच्या त्या वस्तीवर सकाळी सूतबाबाच्या दारात एवढी गर्दी व्हायची, की जखम नसलेली माणसं लाजून बोट कापून यायची.

बाबाची रीत साधी. डिंकात भिजवलेलं सूत जखमेच्या कडेनं चिकटवायचं, दुसऱ्या दिवशी टर्रकन उपटायचं आणि ताणून दाखवायचं. "बघा! काल चार बोटं, आज तीन! सूत जखम खातंय!" कोयत्यानं कापलेला हंबीररावाचा अंगठा असाच भरलेला सगळ्यांनी पाहिला होता.

निवृत्त हवालदार धनाजी मोजमाप दिसलं की विश्वास ठेवणारा माणूस. त्यानं बायकोला, आक्काताईला, तिथंच नेलं. बेदाण्याच्या शेडवर तिच्या टाचेत खिळा घुसला होता. तिला साखरेचा आजार. बाबा म्हणाला, "सुताला गोड लय आवडतं."

आक्काताईची दोरी मात्र रोज लांबत गेली. बाबानं उपाय बदलला नाही, दोष बदलला. "हिचं मन मळकं हाय. कायतरी पाप दडलंय."

आक्काताई जुनी पापं आठवत बसली. एकच सापडलं, लहानपणी थोरल्या बहिणीची चिंच चोरून खाल्लेली. तिनं माफी मागितली. बहीण वारून नऊ वर्षं झाली होती.

तेविसावी दोरी उपटली त्या दिवशी पाय काळा पडला. सांगलीच्या दवाखान्यात तो गुडघ्याखाली काढला.

उपटलेल्या दोऱ्या बाबानं प्रसाद म्हणून परत दिल्या होत्या, त्या धनाजीनं तिथल्या आम्रपाली नर्सपुढं मांडल्या. "सिस्टर, हंबीररावाचं भरलं, हिचं का न्हाई?"

"काका, पाऊस आला की बेदाण्यावर ताडपत्री वढताय न्हवं? म्होरल्या बाया वढत्यात, ताण मागच्यांच्या हाताला कळतो, त्याबी तिकडंच सरकत्यात. कातडीच्या पेशी तशाच, एकमेकींना धरून जखमेवर सरकत्यात. म्होरं चला म्हणून सांगाय कोण लागत न्हाई."

"मग सूत?"

"सूत रोज म्होरली रांगच उपटत हुतं. हंबीररावाच्या पेशी धडधाकट, त्यांनी परत रांग धरली. काकूंच्या साखरेनं आधीच दमलेल्या."

"म्हंजे बाबानं कुणाचंच भरलं न्हाई?"

"आमच्या गल्लीतल्या कुत्र्याचा पाय गाडीखाली सापडून भरला. त्यानं कुठं अनुग्रह घेतला हुता?"

धनाजी हसला आणि अर्ध्यातच थांबला. बाबा सूत उपटताना आक्काताई पाय मागं घ्यायची. तो पाय घट्ट धरून ठेवणारा धनाजीच होता. तेवीस वेळा.

कॉटवरून आक्काताईनं विचारलं, "आवं, आता तरी माझं मन साफ झालं असंल का?"



दुसऱ्या सकाळी धनाजी बाबाच्या रांगेपुढं उभा राहिला. बाबा ओरडला, "हवालदार, जखम कुठाय?"

"दवाखान्यात हाय," धनाजी म्हणाला आणि लोकांकडं वळला. "गड्यांनो, बरी झाल्याली माणसं तुमी मोजली, मीबी मोजली. बरी न झाल्याली कुणी मोजली? जखम झाली तर दवाखान्यात जावा. आणि भरली न्हाई, तर त्या माणसाच्या मनात पाप हुडकू नगा. माझी बायको अजून हुडकतीया."