मुळांची माती

जागा बदलली की म्हाताऱ्या माणसाला रुळायला वेळ लागतो, असं सगळेच म्हणतात. पण रुळणं कुठलं आणि सुकणं कुठलं हे ओळखायला डोळे लागतात. नेदरलँड्समधल्या ल्युवार्डन शहरातल्या हेसलकडे ते नव्हते. माणूस वाईट नव्हता हो, फक्त फार स्वच्छ होता.

त्याची आई ग्रीत एक्क्याऐंशी वर्षांची. दोनदा जिन्यावरून पडली, म्हणून मे महिन्यात त्याने तिला समुद्राच्या बांधाकाठच्या खेड्यातून शहरातल्या वृद्धनिवासात आणलं. खोली अशी लख्ख केली की बघत राहावं. नवा पलंग, नवे पडदे, नव्या पांढऱ्या कपबशा. टेबलावर अंथरायचा, बाबांच्या सिगारने जळलेला गालिचा आणि आईचा कान तुटलेला कप त्याने अडगळ म्हणून काढला आणि भंगाराची गाडी येईपर्यंत आपल्या गॅरेजात ठेवला. शेजारीण बाउक्ये चाळीस वर्षं रोज सकाळी दहाला आईकडे कॉफीला यायची. तिला त्याने गोड शब्दांत सांगितलं, महिनाभर येऊ नका, तिला रुळू द्या. आणि आईचा दिवस रिकामा जाऊ नये म्हणून व्यायाम, चित्रकला, गाणी, होते नव्हते तेवढ्या वर्गांत तिचं नाव घातलं.

जुनं असं एकच आणलं. जुन्या घराच्या दाराशेजारचं हायड्रेंजियाचं फुलझुडूप, बाबांनी लावलेलं. तेही तसंच कसं आणणार? किडामुंगी नको म्हणून हेसलने नळीच्या धारेखाली त्याची मुळं धुऊन काढली आणि पिशवीतली नवी माती भरून कुंडी आईच्या खोलीच्या बाल्कनीत ठेवली.

चौथ्या दिवशी झाडाने मान टाकली. हेसल सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागला, तसं ते आणखीच मलूल झालं. आत आईचंही तेच. पेला समोर भरलेला असायचा, ती नुसते ओठ ओले करून खाली ठेवायची. तिसऱ्या आठवड्यात नर्सने हेसलला बाजूला घेतलं. अंगातलं पाणी असंच कमी होत गेलं तर इस्पितळात हलवावं लागेल, ती म्हणाली, आणि या वयात तिथून परत येणं अवघड असतं.

आईचं काय करावं हेसलला सुचेना. निदान झाड तरी वाचवू म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच तो कुंडी घेऊन खेड्यातल्या डाउवेकाकांकडे गेला. काका पन्नास वर्षं रोपवाटिका चालवत होते. त्यांनी बोटाने माती दाबली. पार चिखल झाला होता.

"मुळं धुतलीस?"

"अगदी स्वच्छ," हेसल म्हणाला.

"धन्य आहेस. अरे, जाड मुळं झाडाला नुसती धरून ठेवतात. पाणी पिते ती टोकाजवळची लव, केसाहून बारीक. ती मातीच्या कणाकणाला चिकटलेली असते. माती धुतलीस, तिच्याबरोबर लवही गेली. आता हे पाण्यात उभं आहे आणि तहानेने मरतंय."

"पण मग पाणी वर चढतं कसं?"

"पानं ओढतात. पानांना बारीक छिद्रं असतात, तिथून वाफ होऊन पाणी जातं. एक थेंब गेला की मागचा ओढला जातो, असा पानापासून मुळापर्यंत पाण्याचा धागा असतो. तुझ्या झाडाचं वरून जातंय भरपूर आणि खालून येत नाही काही. तो धागा तुटायला आलाय."

मग काकांनी कात्री घेऊन मोठी पानं अर्धी-अर्धी कापली. हेसल कळवळला. काका म्हणाले, पाणी जाणं कमी केल्याशिवाय हे तग धरायचं नाही. आणि त्याला बादली देऊन ग्रीतच्या जुन्या दारापाशी माती आणायला पिटाळलं.

दहा वाजले होते. माती उकरताना हेसलला शेजारच्या खिडकीत बाउक्ये दिसली. टेबलावर दोन कप मांडून ती एकटीच बसली होती.

तो बादली घेऊन परतला तेव्हा काकांनी विचारलं, "आणि ग्रीत कशी आहे?" हेसलने सगळं सांगितलं. गालिचा, कप, वर्ग, बाउक्येला घातलेली बंदी. काका जुनी माती मुळांभोवती हलक्या हाताने दाबत होते. मान वर न करता ते म्हणाले, "म्हणजे तिलाही धुऊनच नेलंस."

हेसलचे डोळे भरून आले.

"रडू नकोस, बाळा. तू पाणी घातलंस, कुणी नाही म्हणत नाही. ते पोचतं का, तेवढं बघायचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी हेसलने गाण्याखेरीज सगळे वर्ग बंद केले. गॅरेजातून गालिचा आणि कप काढला, बाउक्येला गाडीत बसवलं, आणि दहाला दहा मिनिटं असताना आईच्या दारात उभा राहिला. ग्रीत खिडकीकडे तोंड करून बसली होती. बाउक्येने टेबलावर गालिचा अंथरला, कान तुटलेल्या कपात कॉफी ओतली. वासाने ग्रीत वळली. आधी गालिच्यावरच्या जळक्या डागावरून तिने बोट फिरवलं, मग बाउक्येकडे पाहिलं.

"तीन आठवडे उशीर केलास," ती म्हणाली.

आणि तिने कप रिकामा करून पुन्हा पुढे धरला.

बाल्कनीत परत आलेल्या झाडाला जास्त वेळ लागला. जून सरताना अर्ध्या पानाच्या बेचक्यातून एक हिरवं टोक डोकावलं, ते आधी ग्रीतलाच दिसलं.

वाचकहो, म्हाताऱ्या माणसांना कधी हलवावं लागतं, त्यात पाप नाही. पण हलवाल तेव्हा त्यांची माती झटकू नका. आपल्याला जो मळ दिसतो, त्यातूनच ती पाणी पीत असतात.