दोन रिंग आणि एक गाणे

मित्रांनो, गल्लीच्या टोकाच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी एक लाल-पांढरा, उंच आणि जरा गंजका सांगाडा उभा आहे ना, तो मीच. मी एक जुना मोबाईल टॉवर आहे. माझ्या खांद्यावर कावळ्याने घरटे केले आहे आणि डोक्यावरचा लाल दिवा कधी लागतो, कधी रुसतो. पण तेवढ्यावरून मला मोडीत काढू नका. मध्यंतरी माझा जीव टांगणीला लागला होता, तो आता भांड्यात पडला आहे. म्हणून निवांत सांगतो.

माझा जन्म लोखंडाच्या कारखान्यात झाला. गंज लागू नये म्हणून मला वितळलेल्या जस्तात बुडवून काढले. पुढे गंज लागलाच, पण त्यात कारखान्याचा दोष नाही. मग माझे तुकडे ट्रकमधून या घरी आले आणि हमालांनी ते जिन्यावरून वर चढवले. प्रत्येक वळणावर भिंतीचा पोपडा निघाला. घराच्या मालकीणबाई, म्हणजे आमच्या शिंपीणकाकू, खाली उभ्या राहून प्रत्येक पोपड्याला “अहो, सांभाळून!” म्हणत होत्या. काका कधीचेच गेले होते. तळमजल्यावरचे शिवणाचे दुकान आणि एकुलती एक लेक एवढाच काकूंचा संसार.

गल्लीने सुरुवातीला माझ्या नावाने बोटे मोडली. आता कबुतरे मरणार, असे बेकरीवाला सगळ्यांना सांगत सुटला. कबुतरे काही मेली नाहीत. उलट माझ्याच अंगावर बसून त्यांनी काय काय केले, ते मी मुलांसमोर सांगत नाही.

ते दिवस मोठ्या धामधुमीचे होते. रोज एक नवी फोन कंपनी निघे आणि कोपऱ्याकोपऱ्यावर तिच्या रंगाची छत्री उघडे. जिथे धड रस्ता पोहोचला नाही, तिथे आपले सिम पोहोचले पाहिजे, असा माझ्या कंपनीच्या साहेबांचा धोशा होता. आता लोक तासन्तास बोलतील, असे कंपनीला वाटले होते. लोक कंपनीच्या वरताण निघाले. त्यांनी फोन न उचलताच बोलायला सुरुवात केली!

हसू नका. त्याला मिसकॉल म्हणतात. घराघरात त्याची वेगळी भाषा होती. बेकरीवाल्याच्या घरी एक रिंग म्हणजे ‘जेवायला या’ आणि दोन म्हणजे ‘पाहुणे आलेत, आताच येऊ नका’. काकूंचे दोन्ही हात सदा सुईखाली आणि पाय मशीनच्या पायट्यावर, त्यामुळे फोन उचलायची सोयच नव्हती. म्हणून मायलेकींनी ठरवून टाकले होते. एक रिंग म्हणजे पोहोचले. दोन म्हणजे निघाले. त्याहून जास्त वाजली, तर काहीतरी बिनसले आहे, हातातले टाकून उचलायचे. लेकीच्या फोनची तिसरी रिंग त्या घरात कधीच वाजली नव्हती.

लेक मोठी झाली आणि माझ्याच कंपनीत लागली. स्कूटरवर छत्री आणि खोके बांधून ती घाटावरच्या वाड्यावस्त्यांत सिम विकायला जाई. तिला सगळे ‘सिमताई’ म्हणू लागले. ती सकाळी निघाली की मशीन चाले, पण काकूंचा कान फोनकडे असे. एक रिंग वाजली की मशीनचा वेग वाढे. संध्याकाळी दोन रिंग वाजल्या की काकू आमटीखालचा गॅस पेटवत. मला सगळ्यांत आवडणारे काम हेच होते, खोटे कशाला बोलू?

मग दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे आमच्या कंपनीला एका मोठ्या कंपनीने विकत घेतले. मोठा मासा लहान माशाला गिळतो, ते ठीक आहे, पण मी कोणाच्या पोटात गेलो हेच कोणाला ठरवता येईना. जुने साहेब म्हणत टॉवर नव्यांचा, नवे म्हणत जुन्यांचा. माझ्या जनरेटरला डिझेल घालणारा मिस्त्री यायचा बंद झाला. माझ्या बॅटऱ्या फुगल्या. वीज गेली की मी जेमतेम दम धरून उभा राहत असे.

दुसरी गोष्ट सिमताईने केली. रिंगच्या जागी गाणे वाजवायची नवी सेवा कंपनीने काढली होती. ताईने आईवरच्या प्रेमाने तिच्या फोनला ते गाणे बसवून दिले, काकू मशीनवर रोज गुणगुणत तेच. पण या गाण्याची गंमत अशी, की ज्याच्या फोनला ते असते त्याला ते कधीच ऐकू येत नाही. ते ऐकू येते फक्त फोन करणाऱ्याला. आईला नंतर सांगू म्हणता म्हणता ताई विसरून गेली.

दुसऱ्याच दिवशी घाटमाथ्यावरून निघताना तिने आईला फोन लावला. दोन रिंग देऊन कापायचा म्हणून. कानात रिंग वाजलीच नाही, गाणे सुरू झाले. ताई हसली आणि ऐकत राहिली. इकडे मशीनशेजारी काकूंचा फोन वाजत होता. एक. दोन. तीन. काकूंचा पाय जागच्या जागी थांबला. चार. पाच. कात्री खाली पडली. काकूंनी फोन कानाला लावला आणि नेमका त्याच क्षणी ताईने तो कापला.

“हॅलो? अगं बोल ना! काय झालं?”

पलीकडे कोणी नव्हते. काकूंनी परत लावला, तर ताई घाटाच्या पोटात शिरलेली, तिथे रेंज नाही. मला सगळे ठाऊक होते, मित्रांनो! काकू, अहो ते गाणे आहे, लेक सुखरूप आहे, असे मला ओरडून सांगायचे होते. हजारोंचे बोलणे वाहून नेणाऱ्या मला स्वतःचा एक शब्द बोलता येत नाही. त्या दिवशी मला त्याचे रडू आले.

आणि तेवढ्यात वीज गेली. बॅटऱ्यांनी हात टेकले. मी विझलो.

काकू रस्त्यावर येऊन मान वर करून ओरडल्या, “हा मेला आजच मेला!”

त्यांचा आवाज ऐकून शेजारचा गॅरेजवाला धावत आला. त्याचा फोनही मुका झाला होता. “काकू, मी गाडी काढतो, घाटाकडे बघून येतो,” तो म्हणाला.

“जा बाबा. पण तिचा फोन आला तर? लागणार कसा तो?”

बेकरीवाला आत गेला आणि भट्टीच्या जनरेटरसाठी ठेवलेला डिझेलचा कॅन घेऊन आला. माझ्या जनरेटरच्या खोलीची किल्ली काकूंच्या खुंटीलाच असे. ज्या जिन्यावरून मी तुकड्यातुकड्याने चढलो, त्याच जिन्यावरून तो कॅन धापा टाकत वर आला. जनरेटर खोकला, काळा धूर ओकला आणि एकदाचा सुरू झाला. आम्हा टॉवरांना जाग यायला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ काकू माझ्या खांबाला धरून उभ्या होत्या.

फोन वाजला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत काकूंनी उचलला.

“आई? अगं आहेस ना तू? कधीची लावतेय, लागतच नाही! मला वाटलं तुला चक्कर-बिक्कर आली!”

“मला? तुला काय झालंय ते सांग आधी!”

“मला काय व्हायचंय? घाट उतरले, चहा पितेय.”

“मग मघाशी इतक्या रिंग कशाला दिल्यास?”

“रिंग कुठली गं? गाणं लागलं होतं ना. मोजू काय, डोंबल?”

“कसलं गाणं?”

काकू मटकन टाकीच्या कठड्यावर बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, ते मला उंचावरूनही कळले नाही. बेकरीवाला उगाचच रिकामा कॅन पुसत राहिला. कॅन चढवायला हात देऊन गाडीकडे निघालेला गॅरेजवाला जिन्यातूनच परत फिरून आला.

संध्याकाळी लेक आली. काकूंनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला घट्ट धरून ठेवले. नंतर गॅरेजवाल्याच्या फोनवरून स्वतःच्याच नंबरला फोन लावायला सांगितला आणि कानाला लावून गाणे शेवटपर्यंत ऐकले.

“छान आहे गं,” त्या म्हणाल्या. “आता काढून टाक.”

“मग पुन्हा दोन रिंग?”

“नाही. उचलत जाईन. पाय थांबवला म्हणून कापड काही पळून जात नाही.”

पुढे गल्लीने नव्या कंपनीच्या इतके मागे लागून तिला सळो की पळो केले, की साहेब स्वतः येऊन मला आपला म्हणून गेले. मला नव्या बॅटऱ्या मिळाल्या, मिस्त्री परत आला. कावळ्याच्या घरट्याला मात्र त्याने हात लावला नाही. बरे केले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या टॉवरकडे पाहून नाक मुरडू नका. आमच्याखाली कोणीतरी रिंगकडे कान लावून बसलेले असते. आम्हाला वेळेवर तेल-पाणी द्या. आणि तुम्ही कुठेही गेलात तरी वाट पाहणाऱ्याला दोन शब्द कळवा.

आता काकूंचा फोन वाजतो, तेव्हा मशीन थांबते. घाटावरून आवाज येतो, “आई, निघाले गं.” काकू एवढेच म्हणतात, “ये.” तो ‘ये’ मी फार जपून नेतो.