धरतीच्या तोंडचा घास

आमच्या सेनापतीचा हुकूम साधा होता. गाव सोडा, नेता येईल ते न्या, उरेल ते जाळा. राजाची फौज उत्तरेकडून आमच्या हुहुई गावावर चालून येत होती आणि तिच्या हाती एक कणीसही लागू द्यायचं नव्हतं. कुणी हूं की चूं केलं नाही. स्पेनच्या राजापुढे वाकण्यापेक्षा राख बरी, हे आमच्या डोंगरातल्या मेंढरांनाही कळत होतं.

अडली ती एकटी कासिमिरा तोलाबा. तिचं मक्याचं बियाणं खेचरावर मावेना आणि जाळायला तिचा हात धजेना. सासूच्या सासूपासून चालत आलेलं वाण. ते गेलं तर परतून पेरायचं काय?

"मावशी, पेटव लवकर!" आमच्याच फौजेचा लेफ्टनंट लेदेस्मा घोड्यावरूनच ओरडला. तो बंदराकडचा, शहरातला.

"ऑगस्ट चाललाय, साहेब. धरतीआईला जेवू घालायचा महिना. तिच्यासमोर दाणा जाळू? जीभ झडेल माझी."

"मग काय शत्रूला वाढणार?"

"आईला वाढणार."

तिनं अंगणात खड्डा खणला. रांजणात बियाणं भरून तोंड लिंपलं, आत उतरवला, वर मक्याची दारू शिंपडली, कोकाची पानं ठेवली आणि माती लोटून दगडांची रास रचली.

"आंधळ्यालाही दिसेल हे! उकरून खातील."

"उकरणार कोण? साहेब स्पेनचे, पण कुदळ धरणारे कुस्कोच्या डोंगरातले. तीही ह्याच आईची लेकरं."

"आणि उकरलंच तर?"

"तर उपाशी मी मरेन. तुम्ही कशाला काळजी करता?"

मग तिनं स्वतःच्या हातानं घर पेटवलं आणि चालू लागली. मागं वळून पाहिलं नाही, असं सगळे सांगतात. पाहिलं होतं तिनं, बियाण्यासाठी.

सहा महिन्यांनी साल्ताची लढाई आपण जिंकली तेव्हा गाव परतलं. कासिमिराच्या जळक्या भिंतीआड एक लंगडा शिपाई बसला होता, अंगावर राजाच्या गणवेशाच्या चिंध्या. त्याच्या फौजेनं त्याला मागंच टाकलं होतं. कासिमिराचं लक्ष मात्र राशीकडे. गुडघ्याएवढी रचलेली रास आता तिच्या छातीला लागत होती.

"हे दगड कुणी घातले रे?"

"आम्हीच, आई. ज्यानं त्यानं एकेक वाहिला. साहेबानं खणायला सांगितलं, चाबकानं फोडून काढलं. भुकेनं डोळे पांढरे झाले होते. पण धरतीआईच्या तोंडचा घास काढायचा कसा?"

कासिमिराची छाती अभिमानानं भरून आली, आपल्या माणसांच्या आणि ह्या परक्या पोरांच्याही.

"ऐकलंत का?" ती गल्लीभर ओरडली. "राजाचा हुकूम माझ्या अंगणात आडवा झाला!"

मग गुडघे टेकून तिनं कोकाची पानं वाहिली, आईची परवानगी मागितली आणि शिपायाच्या हातात कुदळ दिली. तो मागं सरकला.

"माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"अरे, आई पोटात ठेवते ते पोरांसाठीच. उकर."

दाणे ठणठणीत कोरडे निघाले. पहिली मूठ तिनं पेरणीसाठी ठेवलीच नाही. ती भाजून शत्रूच्या त्या शिपायाच्या ओंजळीत घातली.