ऑल्डरबीची पाटी

"डॅड, गाव समुद्रात गेलं की आपण आडनाव काय लावायचं?"

हा प्रश्न विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी, केझिया आणि मेव्हनं, शाळेच्या बसमध्ये लावली होती. "तुझ्यात दम नाही," म्हणे. दम? माझ्यात? यंदा शाळेच्या वादविवादात मी मोठ्या मुलांची तोंडं बंद केलीत! डॅड सॉसेजवर ग्रेव्ही ओतत होते, तेवढ्यात मी विचारून टाकलं.

ग्रेव्ही टेबलावर सांडली.

"ब्रायनी!" मम ओरडली. खाली समुद्र कड्यावर धडका देत होता.

आमचं गाव ऑल्डरबी आणि आमचं आडनावही ऑल्डरबी. आमचा कडा नुसत्या मातीचा, दर हिवाळ्यात समुद्र त्याचा लचका तोडतो. पब गेला, चर्च गेलं, डॅडची शाळाही गेली. कडा खचला की गावाच्या नावाची पाटी उपटायची आणि मागं नेऊन रोवायची, हा मान आमच्या घराण्याचा. पणजोबांनी रोवली, आजोबांनी रोवली. यंदा डॅडनी ती आमच्याच बटाट्याच्या वाफ्यात रोवलीय. वाफ्यामागं आमचं घर, आणि घरामागच्या कुंपणापासून शेजारच्या गावाची हद्द. म्हणजे ऑल्डरबी आता एवढंच.

कौन्सिलचा माणूस परवा बजावून गेला, "मोठ्या भरतीच्या आत निघा." डॅडनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. तेव्हापासून मम पायात बूट घालूनच झोपते. जिन्याखाली बॅगा भरून तयार आहेत, पण डॅडना टाकून ती निघायची नाही.

"ऑल्डर म्हणजे झाड आणि बी म्हणजे वस्ती," डॅड टेबल पुसत म्हणाले. "ऑल्डरच्या झाडांची वस्ती. हजार वर्षांपूर्वी होड्यांतून आलेल्या माणसांनी ठेवलेलं नाव."

"झाडं कुठायत?" मम म्हणाली. "तीही बुडाली ना, लेन?"

"म्हणूनच माणसानं राहायचं."

"शेजारचे हॉजसन गाव सोडून गेले की!"

"हॉजसन म्हणजे हॉजचा मुलगा. मुलगा कुठंही राहील. गाव कुठं जाणार? बाकीचे गेले, पण ऑल्डरबी कधी गेला नाही. आपल्या नावाचा अर्थच तो आहे."

तेवढ्यात बाहेर मोठा धप्प आवाज झाला. खिडकीतल्या ताटल्या खणखणल्या. अवजारांची खोपटी नाहीशी झाली होती! अर्धा वाफा तिच्याबरोबर गेला होता आणि पाटी कड्याच्या काठावर तिरकी झाली होती.

डॅड फावडं घेऊन धावले. ममनं त्यांचा स्वेटर मागून पकडला. "लेन, मी पाया पडते तुझ्या! सोड ती पाटी!"

"सोड मला!"

दोघं चिखलात पडले. मम हमसून हमसून रडायला लागली. डॅड तरीही गुडघ्यांवर पुढं सरकत होते. त्यांच्या हाताखालची माती भुसभुशीत होऊन ओघळत होती. पाटी आमच्या बाजूला कलली होती. मी पालथी पडले, तिचा खांब धरला आणि मागं ओढत सुटले. ती सुटून माझ्या अंगावर आली.

"आण इकडं," डॅड धापा टाकत म्हणाले. "दाराशी रोवू."

आणि तेव्हाच माझ्या डोक्यात ते लख्खकन आलं. बसमधली परगावची मुलं मला हाक मारतात, "ए ऑल्डरबी!" पण गावात? गावात माणसं होती तेव्हा मी नुसती ब्रायनी होते, आणि डॅड म्हणजे लाल टोपीवाला लेन.

"डॅड, गावात सगळेच ऑल्डरबीचे. मग तिथं एकट्यालाच ऑल्डरबी कोण म्हणेल?"

"म्हणजे?"

"आपला तो पहिला माणूस गाव सोडून गेला होता! परक्या गावात लोकांनी विचारलं असेल, हा कोण? तो ऑल्डरबीचा. तिथं चिकटलं नाव. मग तो किंवा त्याची पोरं कधीतरी ते घेऊन परत आली. डॅड, जो गेला त्यालाच हे नाव मिळालं."

डॅडनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हनुवटीवरून चिखल ठिबकत होता. मम रडायची थांबली.

मी पाटी खांद्यावर टाकली. भयंकर जड होती!

"मी ही गाडीत ठेवतेय," मी म्हणाले. "यापुढं पाटी मी रोवणार, आणि मी ती बेव्हर्ली गावात, हिल्डा आत्याच्या बागेत रोवणार. आज या घरात मी झोपणार नाही. मम, बॅगा आण. डॅड, गाडी तुम्ही चालवलीत तर बरं, नाहीतर मी ही घेऊन चालत निघालेय."