गाडीची डावी बाजू

ललिता गेल्याचं कळलं तेव्हा अविनाश गाडीखाली उताणा पडला होता. रविवारी मोटार मंडळाची सहल होती आणि फियाटचा सायलेन्सर लोंबत होता. तो तारेनं बांधायचं काम चाललं होतं. ललिता दोन दिवस माहेरी, गव्हाणला गेली होती. तिचा धाकटा भाऊ गणू एम-एटी मोपेडवरून आला, गाडीपाशी थांबला आणि अविनाशच्या पायांशी बोलू लागला.

"भावजी, बाहेर या."

"दोन पीळ राहिलेत. तू बोल."

"तुमी आधी बाहेर या."

"ऐकू येतंय मला. बोल."

गणूनं मग तिथेच खाली बसकण मारली आणि सांगितलं. सकाळी भाकऱ्या थापता थापता ताई भिंतीला टेकून बसली, ती बसलीच. डॉक्टर येऊन गेले. आता फक्त भावजींची वाट बघतायत.

अविनाशनं उरलेले दोन पीळ दिले. दिले नसते तर सायलेन्सर तोंडावर पडला असता. मग तो बाहेर आला, हात पुसले आणि गणूला शेजारी बसवून गाडी काढली. पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या त्याच्या सोसायटीच्या फाटकातून निघताना डावीकडचा मागचा दरवाजा खांबाला घासत गेला. त्या दिवशी त्या ओरखड्याकडे कोणी पाहिलं नाही.

त्या रविवारची सहल अर्थातच रद्द झाली. मंडळानं ती जानेवारीवर ढकलली.

मंडळ म्हणजे सात गाड्या. पाच फियाट, एक मारुती आणि दत्ताची अँबॅसिडर. दत्ताचं टपाल नाक्यावर औषधांचं दुकान होतं आणि गाडी सगळ्यांत मोठी होती, म्हणून तो अध्यक्ष. वर्षातून एकदा डोंगरात जायचं, निसर्ग बघायचा, जेवायचं आणि परत यायचं, एवढंच मंडळाचं काम. अध्यक्षांच्या पुढे कोणी जायचं नाही असा नियम होता. अँबॅसिडर चढावर बैलगाडीच्या चालीनं चढायची, त्यामुळे मागच्या सहा गाड्या तापायच्या आणि निसर्ग म्हणून सगळ्यांना पुढच्या गाडीचा बंपर दिसायचा. तरी दर वर्षी सगळे जायचे.

हसन हा अविनाशचा शाळेपासूनचा मित्र. तो कुवेतला होता. तिथे युद्ध झालं तेव्हा परत आला आणि इथे फियाट घेऊन मंडळात शिरला. एका सकाळी तो अविनाशच्या, पंपांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायच्या दुकानात आला, बाहेर उभ्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि आत येऊन म्हणाला, "उजवीकडून बघितली तर शोरूममधली वाटते. डावीकडून भंगारात काढलेली. हे काय चाललंय?"

अविनाशला सांगावं लागलं. फाटकाचा खांब झाला होता, एक रिक्षा झाली होती, नव्या पनवेलात कोणाच्या तरी दारातली तुळस झाली होती. सगळं डावीकडे. अकरा वर्षं तो गाडी चालवत होता आणि या अकरा वर्षांत त्यानं डावीकडे कधी पाहिलंच नव्हतं. डावीकडे ललिता बसायची. ती खिडकीतून बघायची आणि सांगायची. वीतभर आहे. हातभर आहे. चार बोटं आहेत. चार बोटं म्हटलं की तो गाडी उजवीकडे घ्यायचा. ती काही मुद्दाम सांगते असं नव्हतं आणि तो काही मुद्दाम ऐकतो असंही नव्हतं. मधेच भाजी काय करायची तेही त्याच आवाजात यायचं. गाडीची डावी बाजू तिच्याकडे होती, हे ती गेल्यावर त्याला कळलं.

हसननं दुसऱ्या दिवशी डावीकडे आरसा बसवून दिला. आरशात मागचं दिसायचं. अविनाशला बाजूचं हवं होतं. पंधरवड्यात कामोठ्याच्या गल्लीत एक हातगाडी तो आरसा घेऊन गेली.

मुलगी नीता नाशिकला दिलेली. तिचा फोन आला की ती गाडी विकायचं काढायची. बाबा, आता कोणासाठी ठेवायची ती, रिक्षा मिळते की. अविनाश एवढंच म्हणायचा, सहलीला घाट करून येतो, मग सांगतो. हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. सपाट रस्त्यावर काय, कोणीही चालवतं. पण अकरा वर्षं घाटात गाडी आपण चालवत होतो, की दोघं मिळून चालवत होतो, हे त्याला बघायचं होतं. आपली आपल्याला येत असेल तर गाडी ठेवायची. नसेल तर नीता म्हणते ते खरं.

जानेवारीच्या बैठकीत वरंधा घाट ठरला. महाडपर्यंत हायवे, मग घाट चढून वाघजाईच्या देवळापाशी जेवायचं आणि त्याच वाटेनं परत. अविनाशनं आमच्या गाडीत बसावं असं सहाही जणांनी सांगितलं. तो म्हणाला, मी माझी गाडी आणणार. यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी असं ठरलं की गाडी आणू दे, पण माणसाला एकटं सोडायचं नाही.

म्हणून सहलीच्या सकाळी दत्तानं स्वतःच्या सासूबाई आणून अविनाशच्या शेजारी बसवल्या. भीमाबाई गव्हाणच्या. ललिताला त्यांनी परकराच्या वयापासून पाहिलेलं. नऊवारी आवरून त्या पुढच्या लांब सीटवर मांडी घालून बसल्या, पिशवी पोटाशी धरली आणि म्हणाल्या, "चला जावयबापू." अविनाश गव्हाणचा जावई, म्हणजे त्यांचाही जावईच.

कर्नाळ्यापाशी त्यांना झोप लागली, ती महाडला चहाला थांबले तेव्हा उडाली. हायवेवर अविनाशला काही अडचण आली नाही. एकदा एक ट्रक फार जवळून गेला, पण तो उजवीकडून.

घाट लागला. पुढे अँबॅसिडर, मध्ये पाच गाड्या, शेवटी अविनाश. शेवटची जागा त्यानंच मागून घेतली होती. मागून कोणी बघायला नको. रस्ता एका गाडीला पुरेल असा, दरी कधी या अंगाला, कधी त्या अंगाला. उजवीकडे असली की त्याला दिसायची आणि बरं वाटायचं. डावीकडे गेली की काहीच दिसायचं नाही. तेव्हा त्यानं विचारलं, "मावशी, तिकडे जागा आहे ना?"

"हाय की," भीमाबाई म्हणाल्या.

पुढच्या वळणावर त्यानं परत विचारलं.

"हाय, लय हाय. तुमी चला."

त्याला जरा धीर आला. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर तो विचारायचा आणि त्या सांगायच्या, हे अंगवळणी पडत चाललं. आपल्याला येतंय, असं त्याच्या मनात आलं. कोणी तरी शेजारी बसलं म्हणजे झालं, एवढंच ते होतं तर.

देऊळ हाकेच्या अंतरावर असताना वळणावर समोरून एसटी आली. अँबॅसिडर आणि बाकीच्या गाड्या आधीच वर पोचल्या होत्या. एसटीच्या ड्रायव्हरनं हात बाहेर काढून डावीकडे घे अशी खूण केली.

"मावशी, जागा आहे?"

"हाय, हाय."

त्यानं डावीकडे घेतली. आधी खडखड आवाज आला, मग गाडीनं डावं नाक खाली केलं आणि पोटावर बसली. कठड्याचे दगड तिथे कधीच पडून गेले होते. पुढचं डावं चाक रस्ता सोडून हवेत फिरत होतं.

भीमाबाईंनी खिडकीतून खाली पाहिलं. "आता नाय," त्या म्हणाल्या.

त्यांच्या बाजूचा दरवाजा उघडता येत नव्हता, कारण त्याच्या पलीकडे काही नव्हतं. त्यांना सीटवरून सरकत सरकत अविनाशच्या बाजूनं काढलं. एसटीतले उतारू खाली उतरले, कंडक्टरनं शिटी मारली आणि वीस-एक माणसांनी फियाट उचलून रस्त्यावर ठेवली. मग ते परत जाऊन आपापल्या जागी बसले आणि एसटी निघून गेली. वरून मंडळाची माणसं धावत आली तोवर करायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी प्रश्न विचारले.

दत्तानं सासूला विचारलं, तुम्हाला दिसलं कसं नाही.

"मोतीबिंदू हाय मला दोनी डोल्यांत," भीमाबाई म्हणाल्या. "तुमी बोललात सोबत करा. सोबत केली."

"मग जागा आहे म्हणून कशाला सांगत होता?"

"गावच्या जावयानं इचारला तं नाय कसा बोलाचा?"

अविनाशनं त्यांची पिशवी शोधून त्यांच्या हातात दिली.

उरलेलं अंतर त्यानं पहिल्या गिअरमध्ये काटलं. हसन डाव्या अंगानं बॉनेटवर हात ठेवून चालत होता, बाजारातून बैल आणावा तसा. देवळापाशी काळू नावाच्या माणसाची चहाची टपरी होती, तिच्यामागच्या मोकळ्या जागेत अविनाशनं गाडी लावली आणि चावी काढून खिशात टाकली.

जेवण झालं. दत्तानं सगळ्यांना दरी दाखवली. परतीची गोष्ट निघाली तेव्हा त्यानं सुचवलं की मारुतीवाल्याच्या भावाला गाडी येते, तो फियाट खाली नेईल. अविनाश म्हणाला, नको. दुसरा उपाय निघाला, तिसरा निघाला. सगळ्यांना तो नको म्हणाला. मग हसनची बायको आसिया, जी इतका वेळ डबे आवरत होती, ती उठून जवळ आली.

"अविनाशभाई, मी बसते तुमच्या बाजूला. मला नीट दिसतं, आणि मी काही तुमच्या सासरची नाही. जागा नसेल तर नाही सांगेन."

दोघं जाऊन गाडीत बसले. अविनाशनं गाडी चालू केली, टपरीमागून रस्त्याच्या तोंडापर्यंत आणली. आसिया खिडकीतून वाकून बघत होती. "भरपूर आहे. या. अजून या." ती बरोबरच सांगत होती. त्याचा पाय ब्रेकवरून उठेना. तिनं पुन्हा सांगितलं. त्यानं इंजिन बंद केलं.

"भाभी, तुम्ही खरं सांगताय," तो म्हणाला. "पण मला ते उतरून बघावंसं वाटतं. तिचं कधी बघावंसं वाटलं नाही."

आसिया उतरली. त्यानं गाडी मागे घेऊन होती तिथे लावली. काळूला विचारलं, राहू दे का इथे. काळू म्हणाला, राहू दे, वर माकडं बसतील, बाकी काही नाही. हसननं दोनदा विचारलं, दुसऱ्या कोणी नेली तर काय बिघडेल. अविनाश म्हणाला, वर मी आणली, खाली मी नेईन.

हसनच्या गाडीत त्याला पुढे बसवलं. आसिया मागे बसली. डावीकडच्या सीटवर बसून घाट उतरायची त्याची ही पहिलीच वेळ. पहिल्या वळणावर त्याला खिडकीतून थेट खालच्या झाडांचे शेंडे दिसले. रस्ता दिसतच नव्हता. त्यानं दरवाज्याची मूठ धरली. दुसऱ्या वळणावर तेच. तिसऱ्या वळणावर त्याचा पाय, जिथे ब्रेक नव्हता तिथे, ब्रेक दाबत होता. हसन कुवेतच्या कोणत्या तरी रस्त्याची गोष्ट सांगत निवांत चालला होता.

घाट संपत आला तेव्हा अविनाशनं मागे न बघता विचारलं, "भाभी, इथे बसून तुम्हाला भीती वाटते?"

"वाटते ना."

"रोज?"

"घाटात दर वेळी."

"मग सांगत का नाही?"

"सांगून काय?" आसिया म्हणाली. "हा चालवणं थांबवेल, नाही तर भांडेल. त्यापेक्षा बाजूला किती आहे ते सांगायचं. तेवढं कामाचं."

हसननं गोष्ट थांबवली. महाडला अविनाशनं सगळ्यांना चहा पाजला आणि आसियाला तिची पुढची जागा देऊन मागच्या सीटवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी नीताचा फोन आला. घाट झाला का, तिनं विचारलं. तो म्हणाला, अर्धा झाला. तिनं विचारलं, म्हणजे काय. तो म्हणाला, सांगतो नंतर.

आता उन्हाळा लागला आहे. गाडी अजून वरंधा घाटात काळूच्या टपरीमागे उभी आहे. ती खाली आणायची राहिली आहे.