न गळणारी आसवं

कमळाच्या हनुवटीच्या टोकाला घामाचा एक थेंब लोंबत होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो जड होत होता, लांबत होता, तरी सुटत नव्हता. इंदुताई विंगेतून त्याच्याकडे पाहत होत्या. पृथ्वी थेंबाला ओढते आणि पाण्याचा स्वतःचा ताण त्याला धरून ठेवतो, हे त्या सातवीच्या वर्गात शिकवत. आत्ता मात्र त्यांच्या मनात एवढंच आलं, की या पोरीला घामसुद्धा शोभून दिसतो.

चामोर्शीजवळच्या त्या गावात दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरे आणि मंडईला नाटक होई. तालमी जेमतेम. त्यामुळे विंगेत कुणीतरी पुस्तक घेऊन उभं राहायचं, एकेक वाक्य हळू सांगायचं आणि नटानं ते मोठ्यानं म्हणायचं, अशी रीत. हे सांगण्याचं काम इंदुताईंचं. लग्न होऊन आल्यापासून दर मंडईला त्या ठरवत, यंदा नाटकमंडळाच्या गुणवंतभाऊंकडे काम मागायचं. आणि शाळेतली बाई तोंडाला रंग लावते म्हणून लोक काय म्हणतील, या धास्तीनं पुन्हा पुस्तकच हातात घेत.

यंदा तर नाटकातला एक प्रवेशही त्यांनीच लिहिलेला होता. एप्रिलात आपला माणूस रशियाच्या यानातून अंतराळात जाऊन आला, तेव्हा मंडळ चालवणारे गुणवंतभाऊ म्हणाले होते, "बाई, आपल्या नाटकात यानात बसलेली एक बाई पायजे. लिहून द्या." इंदुताईंनी मन लावून लिहिलं. तिथे मीठसुद्धा पाण्यात विरघळवून नेतात, नाहीतर कण डोळ्यांत जातात. झोपताना पिशवीत शिरून भिंतीला बांधून घ्यावं लागतं. पाठीचा कणा सैल होऊन माणूस दोन बोटं उंच होतो. दर दीड तासानं सूर्य उगवतो. प्रत्येक वाक्य त्यांनी आरशासमोर म्हणून पाहिलं. काम मिळालं शिवणवर्गातल्या कमळाला.

आजच्या तालमीत कमळानं लोटा उचलला आणि सरळ तोंडात ओतला. इंदुताईंना राहवलं नाही. त्या पुटपुटल्या, "लोटा काय ओततेस, येडे? इथं पाणी पडत नाही, गोळा होऊन फिरतं!"

आतून जे ऐकू येईल ते म्हणायचं, ही कमळाची सवय. तिनं स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "लोटा काऊन ओतून राह्यली मी येडी? इथी पानी पडत नाई, गोळा होऊन फिरते!"

समोर तालीम पाहायला बसलेली माणसं हसून लोळली. ढोलकीवाला बिरजू ओरडला, "वा, कमळाबाई! का डायलाक हाय!"

इंदुताईंनी पुस्तकाचं पान खाडकन उलटलं. शब्द माझे, रागही माझा, आणि टाळ्या हिला!

पुढे यानातल्या बाईला आईची आठवण येते. कमळा पदरानं गाल पुसू लागली. इंदुताई चिडून म्हणाल्या, "गाल काय पुसतेस? तिथे आसवं गळत नाहीत. डोळ्यालाच चिकटून राहतात."

कमळाचा हात थांबला. ती वर पाहत म्हणाली, "माय वं, इथी आसवं गळत नाईत. डोयालेच चिकटून राह्यतात."

 मांडवात पुढे बसलेल्या म्हाताऱ्या गिरजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "पोरीनं जीव कालवला वं माह्या," त्या म्हणाल्या.

गुणवंतभाऊ खुशीत विंगेपाशी आले. "बाई, असंच आतून बोलत राहा. कमळी बराबर उचलते. तुमाले बाहेर यायचं कामच नाई."

कमळा लोटा घेऊन तिथेच उभी होती. घामाचा तो थेंब केव्हाच गळला होता. "मले यातलं काई समजत नाई, बाई," ती हसत म्हणाली. "तुमी सांगता, मी बोलतो."

तिच्या हसण्यात कपट नव्हतं. तेच इंदुताईंना सगळ्यात जास्त लागलं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि कमळाच्या हातात दिलं. लोटा स्वतः घेतला.

"गुणवंतभाऊ," त्या म्हणाल्या, आणि वर्गात पोचावा तसा आवाज मांडवाच्या टोकापर्यंत गेला, "यंदा यानातली बाई मी होणार."